सूत्रात डिंक नसतो

कागदाच्या पुडीतून शेंगदाणे खाणारा माणूस देवरे सरांच्या लेखी भोळा होता. शाळा सुटल्यावर आम्ही चार-पाच शिक्षक नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या गाडीवर खारे दाणे घ्यायला थांबायचो. आमच्या हातात पुड्या यायच्या आणि सर पिशवीतून स्टीलचा पेला काढायचे.

"पुडीचं तोंड आणि पेल्याचं तोंड सारखं," ते गाडीवाल्याला समजावायचे. "उंचीही सारखी. तरी पुडीत मावतं ते पेल्याच्या एक तृतीयांश. मग मी पुडी का घ्यावी?"

"सर, मी मापानं देतो. पुडीत घ्या नाय तर बादलीत घ्या, दाणे तेवढेच येनार," गाडीवाला म्हणायचा.

"मग पुडी एवढी उंच कशाला वळतोस?"

तो मापातले दाणे पेल्यात ओतायचा, दाणे तळाशी जाऊन बसायचे आणि सर पेल्यात डोकावून समाधानानं मान हलवायचे. आम्हांला मात्र आमच्या पुड्या उगाचच हलक्या वाटू लागायच्या.

देवरे सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी मराठी. मूळचे सटाण्याकडचे. बांधा उंच आणि अंगात हाडं जास्त. पँट पोटाच्या बरीच वर बांधलेली आणि शर्टाच्या खिशात सुतळीचं एक भेंडोळं. वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण आनंद झाला किंवा राग आला की अहिराणीत घसरायचे. एखाद्या मुलानं त्रिज्येच्या जागी व्यास घातला की "हाई काय शे?" असा प्रश्न वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात ऐकू यायचा, आणि माझी मुलं कविता सोडून हसायची. मुलांनी त्यांचं नाव 'शंकूसर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझा अंदाज असा की ते आवडतही होतं.

गणितातल्या बाकीच्या गोष्टी ते कर्तव्य म्हणून शिकवत. जीव होता तो दहावीच्या शंकूत. गोल, घन, वृत्तचिती या सगळ्यांना त्यांच्या मते एकेकच तोंडवळा होता. शंकूचं तसं नव्हतं. "याला दोन उंच्या असतात," ते सांगायचे. "बाहेरून दिसते ती तिरकस. आत असते ती लंब. दिसते ती नेहमी मोठी असते आणि घनफळात तिचा काडीचा उपयोग नसतो." हे वाक्य ते माणसांनाही लावायचे. संस्थेचे अध्यक्ष एकदा तासभर भाषण करून खाली बसले, तेव्हा सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तिरकस उंची चांगली आहे." मी पदर तोंडाला लावून बसले होते.

शंकू शिकवायच्या आधी सर प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचा शंकू करायला लावत आणि मग तो उभा फाडायला लावत. पोरं जीव लावून शंकू करायची आणि सर म्हणायचे, फाडा. फाडून पसरला की वर्तुळातून पाचर कापावी तसा तुकडा टेबलावर पडायचा. त्याची कड म्हणजे तिरकस उंची आणि त्याचा बाक म्हणजे तळाचा घेर. एवढं डोळ्यांनी दिसलं की वक्रपृष्ठफळाचं सूत्र मूल आपणच म्हणतं, पाठ करावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा एकलहऱ्याहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या वीज केंद्राचे ते मोठे मनोरे, ते शंकूच ना?" सरांचा चेहरा पडला. "नाही," ते म्हणाले, "ते कमरेत बारीक आहेत. ते दहावीला नाही." पुढे शाळेची सहल एकलहऱ्याला गेली तेव्हा सर मनोऱ्यांकडे पाठ करून डबा खात होते.

घोटीची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न तिथे होतं. मंगल कार्यालयाशेजारी भाताची गिरणी आणि गिरणीच्या अंगणात नव्या भाताची माणसापेक्षा उंच रास. दारातच सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधत होते. सरांनाही बांधला. मुहूर्ताला वेळ होता, आणि सर दिसेनात. अक्षता वाटून झाल्या तरी दिसेनात. मी आणि खेळाचे शिक्षक वाघ शोधायला निघालो, तर सर गिरणीच्या अंगणात. डोक्यावरचा फेटा त्यांनी पूर्ण सोडला होता आणि त्याचं एक टोक दगडाखाली दाबून, दुसरं टोक हातात धरून ते राशीला प्रदक्षिणा घालत होते. सुतळी पुरली नव्हती.

गिरणीमालक मागे हात जोडून चालत होता. पुरवठा खात्याचे साहेब लग्नाच्या निमित्तानं अचानक तपासणीला आले आहेत, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

"साहेब, सगळं कागदोपत्री आहे," तो म्हणत होता.

"कागद नको. एक लांब काठी द्या."

काठी आली. सरांनी ती राशीच्या उतारावर टेकवून शेंड्यापासून तळापर्यंत खूण केली. "ही तिरकस उंची. लंब उंची मोजायला राशीत भोक पाडावं लागेल, पण त्याची गरज नाही. ती पायथागोरसनं निघते."

"कोण साहेब ते? त्यांनापन बोलवू का?" मालकानं विचारलं.

सरांनी काठीनं जमिनीवरच गणित मांडलं आणि रास किती पोती भरेल ते सांगितलं. मालकाला घाम फुटला. त्यानं खुर्ची मागवली, चहा मागवला, पेढे मागवले. सर अत्यंत प्रसन्न. गणिताचा एवढा मान ठेवणारा माणूस घोटीत भेटला म्हणून ते गहिवरले होते. परतीच्या गाडीत सीटखाली तांदळाचं पोतं निघालं, तेव्हा मी त्यांना हा मान कशाचा होता ते सांगितलं. पुढच्या रविवारी सर पोतं घेऊन एसटीनं घोटीला गेले आणि आपण साधे शिक्षक आहोत हे मालकाला पटावं म्हणून त्याला शंकूचं घनफळ सविस्तर समजावून आले. साहेबांनी पोतं परत केलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं मालकाला वाटलं. तो दुसऱ्या दिवशी दोन पोती घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. त्याला परत पाठवताना मुख्याध्यापिका साठे बाईंच्या नाकी नऊ आले.

साठे बाई नव्यानंच आल्या होत्या. शिस्तीच्या, वक्तशीर, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत. पण शेजारच्या शाळेचा दहावीचा निकाल आमच्यापेक्षा चांगला लागत होता आणि पालक त्यांना वाटेत अडवून जाब विचारत होते. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी रजेचा अर्ज घेऊन तिथेच उभी होते.

"सर, शंकूला परीक्षेत मार्क किती?"

"चार. कधी सहा."

"आणि तुम्ही तास किती घेतलेत?"

"अजून चालू आहे," सर म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अभ्यासक्रम पूर्वपरीक्षेच्या आत संपला नाही, तर दहावीचा वर्ग काढून घ्यावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सर बाहेर आले ते पांढरेफटक पडून. त्यांना निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. बाकी कुठल्याही इयत्तेत शंकू नव्हता. दहावी गेली की शंकू गेला, एवढा हा साधा हिशोब होता, आणि तो त्यांना आमच्या आधी कळला. ते हट्टी होते पण मूर्ख नव्हते. त्यांनी सकाळी जादा तास घेऊन सगळी प्रकरणं वेळेत संपवत आणली. दहावी जवळजवळ वाचली होती. आणि मग स्नेहसंमेलन आलं.

पहिलीच्या मुलांचा विदूषकांचा नाच होता. उंच निमुळत्या टोप्या हव्या होत्या. साठे बाई सहज म्हणाल्या, "सर, हे तुमच्या शंकूचं काम. बघा जमलं तर." त्या बोलण्यात समेट होता आणि सरांना तो कळला. ते लगेच सुतळी घेऊन पहिलीच्या वर्गात शिरले, एकूण एक डोक्याचा घेर मोजला आणि स्टाफरूममध्ये येऊन कागदावर आकडे मांडत बसले. थोड्या वेळानं खुर्ची मागे सारून उठले.

"गायधनी बाई, पंचवीस सेंटिमीटर तिरकस उंची धरली तर काय होतं माहीत आहे?"

"काय होतं?"

"एका अख्ख्या वर्तुळातून बरोब्बर तीन टोप्या निघतात. तीन. तसूभर कागद वाया जात नाही." त्यांचे डोळे पाणावले होते. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण माणूस इतका खूश होता की मीही खूश झाले.

वर्तुळं आखली गेली, त्यांचे सारखे तीन-तीन तुकडे झाले. रंगीत कागद, चमकी, टोकाला लोकरीचा गोंडा. संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे पहिलीच्या बाई टोप्या चिकटवायला बसल्या. चिकटवायचं म्हणजे एका कडेवर दुसरी कड अंगठाभर चढवावी लागते. ती चढवली आणि टोपी लहान झाली. सगळ्याच टोप्या लहान झाल्या. सरांनी घेर काढला होता, पाचरीचा कोन काढला होता, पृष्ठफळ काढलं होतं, पण जोडासाठी कागद सोडलाच नव्हता. पुस्तकातला शंकू कुणी चिकटवलेला नसतो.

दुसऱ्या टोप्या करायला वेळ नव्हता. नाच सुरू झाला. टोप्या डोक्यात जाईनात, नुसत्या माथ्यावर टेकून राहिल्या. पहिल्या उडीला निम्म्या पडल्या. दुसऱ्या उडीला उरलेल्या पडल्या. एक टोपी घरंगळत थेट अध्यक्षांच्या पायाशी गेली. पोरं नाच सोडून आपापली टोपी शोधू लागली, दोघांत मारामारी झाली, आणि पालक डोळे पुसून हसत होते. मला विचाराल तर त्या वर्षीचा तो सगळ्यांत चांगला कार्यक्रम होता. अध्यक्षांचं मत वेगळं पडलं.

"सर," साठे बाई नंतर एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सूत्रात डिंक धरत नाहीत का?"

"मन्हं चुकनं," सर म्हणाले. माझी चूक झाली, असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही अहिराणीतून आलं.

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सर दहावीच्या वर्गावर गेले, फळ्यावर स्वतःची चूक मांडली आणि जोडासकट शंकूला कागद किती लागेल हे नवीन गणित काढून बसले. ते सुटायला पुढचे तीन दिवस गेले. पूर्वपरीक्षा तोंडावर, आणि दहावीची मुलं टोप्या चिकटवत बसलेली बाईंनी खिडकीतून पाहिली. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात देवरे सरांच्या नावापुढे पाचवी होती. दहावीचं गणित वाघ सरांकडे गेलं. ते बी.एड.ला गणितही घेऊन आले होते आणि संस्थेला ही गोष्ट अचानक आठवली होती.

सर वेळापत्रकासमोर बराच वेळ उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "पाचवीत नुसते डबे आहेत बाई. टोक असलेलं काहीच नाही." मला फार वाईट वाटलं. घरीही ते जेवेनासे झालेत असं वहिनींनी सांगितलं. ताटातल्या भाताचं शिखर करायचे, मग मोडायचे आणि उठायचे.

वाघ सरांनी शंकू दोन तासांत संपवला. माणूस चांगला होता, पण सूत्र लिही, किमती घाल, उत्तराखाली रेघ मार, अशी त्याची कवायत होती. दहावीची काही मुलं मधल्या सुट्टीत पाचवीच्या दारात आली. "सर, एक तृतीयांश कुठून आला ते सांगा ना."

"ते वाघ सरांना विचारा," सर म्हणाले. "तुम्ही त्यांचा वर्ग आहात." आणि दार लावून घेतलं. दुसऱ्याच्या वर्गात नाक खुपसणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

पण त्याच आठवड्यात पाचवीचा तास मैदानात भरला, आणि तोही नेमका दहावीच्या खिडक्यांखाली. एक डबा, त्याच तोंडाचा आणि त्याच उंचीचा एक पत्र्याचा शंकू, आणि बांधकामावरून आणलेली रेती. पाचवीची पोरं शंकू भरून डब्यात रिकामा करत होती आणि सगळी मिळून ओरडत होती, "एक." मग "दोन." तिसऱ्याला डबा काठोकाठ भरला की असा गलका व्हायचा की माझ्या हातातला खडू मोडायचा. दहावीचा अख्खा वर्ग खिडक्यांत गोळा झाला. वाघ सरांनी आधी त्यांना दटावलं आणि मग स्वतःच एका खिडकीत जागा करून घेतली.

साठे बाई तरातरा मैदानात आल्या. "सर, हे काय चाललंय?"

"अपूर्णांक," सर म्हणाले. "पाचवी, प्रकरण चौथं. एक तृतीयांश."

बाईंनी वर खिडक्यांकडे पाहिलं. वाघ सर पटकन खाली वाकले. जाताना बाईंनी शंकूकडे दोनदा वळून पाहिलं हे मी वरून पाहिलं.

सरांची निवृत्ती एप्रिलअखेर होती. नववीची परीक्षा संपून ती मुलं आता दहावीच्या उन्हाळी वर्गाला बसू लागली होती. शेवटच्या दिवशी सकाळी साठे बाईंनी सरांना सांगितलं, "आज शेवटचा तास तुम्ही दहावीवर घ्या." आणि मला खुणेनं बाहेर व्हरांड्यात थांबवून घेतलं. त्यांनी वर्गातल्या टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. डबा, पत्र्याचा शंकू, घमेलंभर रेती, शिवाय पुठ्ठा, कात्री आणि डिंकाची मोठी बाटली.

सर वर्गात शिरले. मुलं आधीच हसत होती. सरांनी टेबलाकडे पाहिलं, शंकू उचलला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तो खाली, टेबलाच्या पायाशी ठेवला. मग डबा ठेवला, मग घमेलं. डिंकाची बाटली सगळ्यांत शेवटी.

"हे शेवटच्या प्रकरणात येतं," ते मुलांना म्हणाले. "तुमचं अजून पहिलं व्हायचंय." आणि फळ्यावर लिहिलं, समरूप त्रिकोण.

"मी एवढं सगळं जमवलं आणि हा माणूस," साठे बाई कुजबुजल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण माझीही तीच अवस्था होती. सरांनी तास नेहमीसारखा घेतला. एकदा "हाई काय शे?" झालं. घंटा झाली तसा त्यांनी पाच गणितांचा गृहपाठ दिला. "उद्या तपासतो," म्हणाले आणि हात झटकत बाहेर आले. सवयीनं बोलून गेले असं सगळ्यांनाच वाटलं आणि कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्षांचं भाषण झालं.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदनाला सर आले. शिक्षकांच्या रांगेत उभे राहिले नाहीत, फाटकाजवळ पालकांमध्ये राहिले. राष्ट्रगीत झालं, निकालपत्रकं वाटून झाली, मुलं पांगू लागली. तेव्हा सर ध्वजस्तंभाच्या ओट्यावर येऊन बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "दहावी, वह्या घ्या."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. निम्म्यांनी गणितं केली नव्हती. एक मुलगा धीर करून म्हणाला, "सर, तुम्ही काल निवृत्त झालात ना?"

"मी झालो. गणितं कुठे झाली? बस खाली."

मुलं उन्हात ओट्याभोवती बसली आणि मिळेल त्या कागदावर गणितं सोडवू लागली. सर लाल पेनानं एकेकाचं तपासत होते. वाघ सर हळूच येऊन मागे उभे राहिले, मग तेही बसले. बाकी मैदान रिकामं झालं. मला त्याच सुट्टीत मनमाडच्या शाखेत बदलीवर जायचं होतं, म्हणून मी जरा रेंगाळले. एका मुलीची दोन गणितं चुकली होती. ती कधी दाखवू म्हणून तिनं विचारलं.

"सोमवारी. घरी ये. सगळेच या, दुसरं प्रकरण सुरू करू."

"सर, मग शंकू कधी?"

सरांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "डिसेंबरात येईल," ते म्हणाले. "आधी हे त्रिकोण नीट कर."

शिपाई कुलूप घेऊन फाटकाशी उभा होता. साठे बाई व्हरांड्यातून त्याला म्हणाल्या, "राहू दे. दहावीचा तास चालू आहे."